चार बोटांचे अंतर

चेन्नईच्या जॉर्ज टाउन भागातील पुष्कळ रस्त्यांना माणसांची नावे आहेत, पण ते ओळखले जातात मालावरून. अँडरसन स्ट्रीट म्हटले की कागद, गोडाउन स्ट्रीट म्हटले की कापड. १९११ साली पंचम जॉर्जच्या नावाने या वस्तीचे नामकरण झाले. त्याआधी तिला ब्लॅक टाउन म्हणत. नाव बदलले तरी रस्त्यांची रुंदी मात्र बदलली नाही. हातगाडी आणि बैलगाडी यांच्या मापाने आखलेल्या त्या गल्ल्यांतून आज डिझेलवर चालणारे पिकअप ट्रक माल नेतात. दोन्ही बाजूंच्या दुकानांत, गटारांच्या झाकणांत आणि हमालांच्या पायांत एकेका वितीचे अंतर राखीत ते पुढे सरकतात. अशाच एका पिकअपचा चालक सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला होता. जन्माने म्हणावे तर तोही चेन्नईचाच. गाव होते ते त्याच्या वडिलांचे.

वडिलांना घरात सगळे आबा म्हणत. १९७२च्या दुष्काळानंतर आबांनी गाव सोडले आणि मिंट स्ट्रीटच्या परिसरात गलाईचा धंदा धरला. विटा, खानापूर, आटपाडी या भागातली माणसे सोन्याचांदीच्या शुद्धीकरणाचे हे कसब घेऊन भारतभर पांगली आहेत. एक भाग सोने आणि तीन भाग चांदी मुशीत एकत्र वितळवायची, त्याचे दाणे पाडायचे, ते नायट्रिक ॲसिडमध्ये सोडायचे, म्हणजे चांदी विरघळून जाते आणि तळाशी तपकिरी भुकटीच्या रूपाने सोने उरते. ॲसिडच्या तांबूस धुरात आबांची चाळीस वर्षे गेली. त्या धुराने छाती नेली आणि भट्टीसमोर वाकून बसण्याने पाठ नेली. मुलाने या धंद्यात येऊ नये एवढा एकच हट्ट त्यांनी धरला आणि तो तडीस नेला. मुलाने प्रथम एक छोटा मालवाहू टेम्पो घेतला. पुण्यात तयार होऊन २००५ साली बाजारात आलेल्या ज्या गाडीला महाराष्ट्रात छोटा हाथी आणि तमिळनाडूत कुट्टी यानै म्हणतात, तीच ती. त्यानंतर काही वर्षांनी त्याने हा मोठा पिकअप घेतला. त्याचे हप्ते अजून फिटायचे होते.

महिन्यातून दोनदा आबांना त्याच पिकअपमध्ये बसवून तो माधवरमच्या घरातून स्टॅन्ली रुग्णालयात नेई. मागे माल नसला तर परत येताना तो तंबू चेट्टी स्ट्रीटवरून गाडी काढी. तेथे कालिकांबाळचे मंदिर आहे. १६७७ साली कर्नाटकच्या मोहिमेवर असताना शिवाजी महाराज या देवीच्या दर्शनाला येऊन गेले, असे मंदिराची परंपरा सांगते. आबा गाडीतूनच हात जोडत. गाव सोडलेल्या माणसाला परक्या मुलखात आपले म्हणण्याजोगे एक ठिकाण लागते. आबांना ते येथे लाभले होते.

ऑक्टोबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला आणि रस्त्यांवर खड्डे पडू लागले, तेव्हा गाडीच्या पुढच्या बाजूने दणके ऐकू येऊ लागले. खड्ड्यात चाक गेले की गाडी हलायचीच, त्यात नवल नव्हते. परंतु हा आवाज वेगळा होता. लोखंडावर घण बसावा तसा एकच कोरडा ठोका येई आणि तो आसनातून थेट मणक्यात शिरे. प्रथम तो मोठ्या खड्ड्यांतच ऐकू येत असे, मग गतिरोधकांवर येऊ लागला, आणि पुढे पुढे रस्त्याच्या साध्या सांध्यावरही येऊ लागला. आबा काही बोलत नसत. एकदा मात्र रुग्णालयाच्या दारात उतरताना ते म्हणाले, “आज येकोणीस झालं.” त्यांनी दणके मोजले होते.

चालकाने लोकांचे ऐकून पुढचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर बदलले. जुन्यांतले तेल गळून गेले होते, तेव्हा तो खर्च अगदीच वाया गेला असे नाही. खड्ड्यानंतर गाडी डोलत राहायची ती थांबली. दणका मात्र तसाच राहिला. तेव्हा त्याच्या मनाने घेतले की पुढच्या पाट्यांत एकेक जादा पाटा घालावा, म्हणजे गाडी उचलली जाईल आणि प्रश्न मिटेल. हा विचार घेऊन तो वॉल टॅक्स रोडच्या बाजूला एका बोळात काम करणाऱ्या म्हाताऱ्या मेस्त्रीकडे गेला. हैदर अलीच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने अठराव्या शतकात या वस्तीभोवती तट बांधला गेला. त्याचा खर्च रहिवाशांकडून कररूपाने वसूल करण्याचा बेत होता. रस्त्याच्या नावात तो कर तेवढा उरला आहे. मेस्त्रीचे दुकान म्हणजे पत्र्याचे एक छप्पर, एक ऐरण आणि भिंतीशी रचलेले जुने पाटे. चालक त्याला अण्णा म्हणे. हा शब्द तमिळमध्ये थोरल्या भावाचा आणि मराठीतही वडीलधाऱ्याचाच, त्यामुळे तो दोन्ही भाषांत एकाच आदराने उच्चारता येतो. मेस्त्री त्याला तंबी म्हणजे धाकटा भाऊ म्हणे.

मेस्त्रीने जादा पाट्याचे बोलणे ऐकून घेतले, पण हत्याराला हात लावला नाही. त्याने गाडी सपाट जागी उभी करवली, चाकांतली हवा तपासली आणि मग तो खाली सरपटत गेला. आस आणि तिच्यावरचे चेसिसला बसवलेले रबरी ठोकळे यांच्यामध्ये त्याने आपली बोटे आडवी धरली. रिकाम्या गाडीत हे अंतर चार बोटे हवे होते. उजवीकडे तीन बोटे भरली आणि डावीकडे जेमतेम दोन. शिवाय डावीकडचा रबरी ठोकळा झिजून त्याची नुसती चकती उरली होती. दणका म्हणतात तो हाच: चाक वर येताना पाटा पुरेसा वाकतो न वाकतो तोच आस वर जाऊन चेसिसवर आदळते. ठोकळा हा शेवटच्या क्षणासाठी ठेवलेला असतो. त्याच्यावर रोज आदळायची वेळ आली, तर दोष ठोकळ्यात नसून पाट्यात किंवा ओझ्यात असतो. शॉक ॲब्सॉर्बर गाडीचे वजन पेलत नाही. तो पाट्याची उसळी आवरतो, एवढेच त्याचे काम. वजन पेलायचे ते पाट्यानेच.

चार बोटांची दोन बोटे झाली म्हणजे सोसण्याची ताकद निम्मी झाली, असे कोणालाही वाटेल. वस्तुतः ती त्याहून कमी होते. रॉबर्ट हूकने १६७८ साली प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार स्प्रिंग जितकी दबते तितका तिचा प्रतिकार वाढतो. आणि त्यावरूनच पुढे असे निघते की धक्क्याची जी शक्ती ती पचवू शकते, ती उरलेल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. अंतर निम्मे राहिले की ही शक्ती चौथ्या हिश्शावर येते. म्हणूनच खड्डे तेच असताना दणके मात्र एकाएकी कितीतरी पटींनी वाढल्यासारखे वाटतात. मेस्त्रीला हूक ठाऊक नव्हता, पण दोन बोटांची गाडी निम्मी नव्हे तर पुरतीच थकलेली असते, हे त्याला पक्के ठाऊक होते.

चेसिसखाली टेकू देऊन त्याने डावा पाटा उतरवला. यू-बोल्ट सुटले, मधला बोल्ट निघाला आणि पाट्यांची जुडी जमिनीवर पसरली. तेव्हा दुसरा पाटा मधल्या छिद्रापाशी दोन तुकड्यांत निघाला. यू-बोल्टच्या पकडीत तो झाकलेला होता, म्हणून वरून कोणालाच दिसला नव्हता. त्या दिवशी आबा बरोबर होते. रुग्णालयातून परतताना गाडी इकडे वळवली होती. छपराखालच्या स्टुलावर बसलेल्या आबांनी हात पुढे केला. मेस्त्रीने तुकडा त्यांच्या हातात दिला. जन्मभर धातूच्या रंगावरून त्याचा कस ओळखणाऱ्या त्या डोळ्यांनी मोडलेला पृष्ठभाग उजेडाकडे धरून पाहिला. तीन हिस्से भाग काळपट होता, गंजाने माखलेला, आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक वळ्या होत्या. राहिलेला एक हिस्सा तेवढा चकचकीत, खडबडीत दाण्यांचा होता.

“ह्यो आज मोडल्याला न्हाई,” आबा म्हणाले. “लई दिस आतनं चिरत आलाय. आज निस्ता सुटला.”

चालकाने ते तमिळमध्ये सांगितले. मेस्त्रीने मान डोलावली. पोलादाच्या थकव्याची हीच खूण असते: वारंवार वाकून प्रथम एक केसासारखी चीर पडते, प्रत्येक दणक्याबरोबर ती थोडी पुढे सरकते, तिच्यात गंज शिरतो, आणि उरलेला भाग ओझे पेलू शकेनासा झाला की शेवटचा तुकडा एका क्षणात तुटतो. आवाज होतो तो त्या क्षणी. मोडणे मात्र कितीतरी आधीपासून चाललेले असते.

मग मेस्त्रीने विचारले, की गाडी भरता कशी? चालक अँडरसन स्ट्रीटवरून कागद नेई. ए-फोर आकाराच्या, पंचाहत्तर ग्रॅमच्या कागदाचे पाचशे तावांचे एक रीम २.३४ किलोचे असते आणि दहा रिमांचा खोका २३ किलोंहून अधिक भरतो. खोका दिसायला लहान. साठ खोके रचले तरी हौद्यातली बरीच जागा मोकळी दिसे आणि व्यापाऱ्याला वाटे की गाडी अर्धीच भरली आहे. प्रत्यक्षात १,४०० किलो झालेले असत आणि नोंदणीच्या पुस्तकातली मर्यादा एक टनाची होती. त्यातही हमाल खोके केबिनला टेकवून रचीत, कारण तसे केले म्हणजे ब्रेक लागला तरी ते पुढे घसरत नाहीत.

मेस्त्रीने एक बांबू दोन विटांवर आडवा ठेवला आणि त्यावर पाट्याचा तुकडा प्रथम एका टोकाजवळ, मग मधोमध ठेवून दाखवला. हिशेब साधाच होता. पुढच्या आणि मागच्या चाकांत २७० सेंटिमीटर अंतर धरले आणि हजार किलो मालाचा मध्य मागच्या आसेच्या पुढे तीस सेंटिमीटरवर असला, तर पुढच्या चाकांवर १११ किलो पडतात. तोच माल केबिनकडे सरकवून मध्य नव्वद सेंटिमीटरवर आणला, तर ३३३ किलो. माल तेवढाच, परंतु पुढच्या पाट्यांवर येणारा त्याचा भार तिप्पट होतो.

जादा पाटा घालायला मेस्त्रीने साफ नकार दिला. त्याने गाडी उचलली गेली असती हे खरे. पण मग पुढचा भाग ताठ होऊन प्रत्येक धक्का न वाकता चेसिसकडे आणि स्टिअरिंगकडे गेला असता. शिवाय पाटा वाढला म्हणून आस, टायर आणि ब्रेक यांची ताकद वाढत नाही. दणक्याचा आवाज तेवढा बंद झाला असता, आणि पुढची चीर दुसरीकडे कुठेतरी, न दिसणाऱ्या जागी पडू लागली असती.

दोन्ही बाजूंना मूळ मापाचे नवे पाटे बसवायचे ठरले. एकच बदलला असता तर नवी बाजू उंच आणि जुनी खाली, अशी गाडी कलती राहिली असती. यू-बोल्टही नवे घेतले, कारण एकदा ताणले गेलेले बोल्ट पुन्हा तशी पकड धरत नाहीत. ते आलटून पालटून, समोरासमोरच्या क्रमाने आवळले. पाट्याच्या डोळ्यांतले बोल्ट मात्र मेस्त्रीने आधी सैलच ठेवले. गाडी चाकांवर उतरवून तिचे वजन पाट्यांवर आल्यावरच त्याने ते घट्ट केले. नाहीतर आतले रबरी बुश कायमचे पिळलेल्या स्थितीत अडकून लवकर फाटतात. दोन नवे ठोकळे बसले. शेवटी त्याने आसेवर, ठोकळ्याच्या बरोबर खाली, दोन्हीकडे ओल्या खडूचा जाड थर दिला. आस ठोकळ्याला लागली तर खडू पुसला जाईल. काही दिवस गाडी चालवून दाखवायला आण, बोल्ट पुन्हा आवळायचेच आहेत, असे सांगून त्याने हात धुतले.

खरा प्रश्न त्यानंतरचा होता. भाडे खोक्यामागे मिळत असे. बेचाळीस खोक्यांवर थांबायचे तर प्रत्येक खेपेला अठरा खोक्यांचे पैसे जाणार होते. व्यापारी म्हणाला, दुसरे कितीतरी पिकअप दाराशी उभे असतात. ते खोटे नव्हते. रात्री चालकाने वहीत हिशेब मांडला. एका बाजूला हप्ता, मुलीची फी, डिझेल. दुसऱ्या बाजूला पाट्यांचा खर्च, मजुरी आणि गाडी उभी राहिलेले दिवस. दोन्ही बाजूंची बेरीज काही केल्या जुळत नव्हती. आबा खाटेवरून पाहत होते.

“भट्टी म्या बी अशीच रेटली,” ते म्हणाले. “येक डाव आजून, येक डाव आजून. छाती काय येका दिवसात गेली न्हाई.”

एवढे बोलून ते कुशीवर वळले. चालकाने वही मिटली.

दुसऱ्या दिवसापासून त्याने बेचाळीसच खोके घेतले. हमालांना सांगून ते केबिनपासून मागे सरकवून रचले आणि पुढे घसरू नयेत म्हणून मध्ये एक लाकडी आडोसा घालून दोराने आवळले. त्या व्यापाऱ्याचे निम्मे काम गेले. दुसऱ्या एका दुकानाने तांबरमची लहान खेप दिली, तिने थोडी भरपाई झाली. सगळी झाली नाही. हप्त्याची तारीख त्या महिन्यात चुकली आणि दंड भरावा लागला.

दोन आठवड्यांनी तो आबांना घेऊन रुग्णालयात गेला. रस्त्यांची दुरुस्ती झाली नव्हती. खड्डे उलट वाढलेच होते. चाके त्यांत शिरत आणि वर येत, पाटे वाकत आणि सरळ होत, पण कोरडा ठोका एकदाही आला नाही. परतीच्या वाटेवर त्याने गाडी तंबू चेट्टी स्ट्रीटला वळवली. देऊळ आले तरी आबांचे हात जोडले गेले नाहीत. त्याने वळून पाहिले. मान खिडकीला टेकवून आबा झोपले होते. या गाडीत त्यांना झोप लागलेली त्याने आजवर पाहिली नव्हती.

त्यांच्या वतीने त्यानेच देवीला नमस्कार केला आणि गाडी तशीच मेस्त्रीच्या बोळात नेली. आबांना न उठवता त्याने दार हलकेच लोटले आणि तो खाली वाकला. मेस्त्रीही पाना घेऊन आला होता. आसेवरच्या खडूवर धूळ बसली होती, कडेला पावसाचे ओघळ आले होते. पण दोन्हीकडचा मधला थर जसाच्या तसा होता. मेस्त्रीने ठोकळ्याखाली बोटे आडवी धरली. ती चारही बसली.