वाळूवरचा माग

जैसलमेरहून सुमारे 15 किलोमीटरवर लोद्रव्याचे पार्श्वनाथ मंदिर आहे. मारवाडातून येऊन महाराष्ट्रात स्थिरावलेली अनेक कुटुंबे यात्रेच्या निमित्ताने तेथे जातात, नागफणांच्या छत्राखालील प्रभूंपुढे हात जोडतात, आणि रात्री धर्मशाळेत अंथरूण घालण्यापूर्वी मात्र कोपरा न् कोपरा पाहून घेतात. मूर्तीवरील नाग वंदनीय, उशाजवळचा नको! हा दांभिकपणा नव्हे. हे भय आहे, आणि ते निराधारही नाही.

त्या मरुभूमीत सापांचा अभ्यास करणारा पहाटेच घराबाहेर पडतो, कारण वारा सुटला की वाळूवरचा माग पुसला जातो. आपले फुरसे म्हणजे तिकडची बांडी. ती मोकळ्या वाळूवर सरळ सरपटत नाही, अंग तिरके उचलून टाकत जाते. त्यामुळे तिच्या मागे अखंड रेघ उरत नाही. तिरप्या, समांतर, तुटक रेघा उरतात. हा माग एखाद्या झुडपाशी संपला, की पाऊल तेथेच थांबवावे. अंग वाळूत पुरून, डोके तेवढे बाहेर ठेवून ती बसलेली असू शकते. डिवचली गेल्यास ती वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करते. फूत्कारात श्वासाबरोबर ओलावा जातो, तो वाचवण्याची ही रीत असावी, असे काही अभ्यासक मानतात. वर्षाकाठी जेमतेम 20 सेंटिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखातली ही काटकसर व्यापाऱ्यालाही पटावी.

पीवणा मात्र रात्रीचा. हा मण्यारीच्या कुळातला साप. झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसून तो श्वास पिऊन टाकतो, अशी तिकडे समजूत आहे, आणि तिच्यावरूनच त्याला हे नाव पडले. समजूत खोटी, पण तिच्यामागचे दुःख खरे आहे. त्याचा दंश बहुधा दुखत नाही, खूणही क्वचितच दिसते. विषाने पापण्या मिटू लागतात, घसा बधिर होतो, शेवटी श्वास थांबतो. सकाळी घरच्यांना अंगावर जखम नसलेला मृतदेह दिसे. त्यांनी दुसरे काय समजावे? जमिनीवर न झोपता खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपणे हा यावरचा साधा उपाय आहे.

दंश झाल्यावरचा उपाय इतका सोपा नाही. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषापासून तयार होते, आणि ते विष मुख्यतः तमिळनाडूतील इरुळा सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येते. दक्षिणेतले फुरसे आणि थरची बांडी यांच्या विषात फरक आहे. पीवणा तर त्या चौघांत नाहीच. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या बंगळुरूच्या संशोधकांच्या अभ्यासात पीवण्याचे विष अतिजहाल आढळले आणि प्रचलित प्रतिविष त्यावर अपुरे ठरले. म्हणूनच वाळवंटातले साप शोधून, वनखात्याच्या परवानगीने त्यांच्या विषाचे नमुने घ्यावे लागतात.

हे प्रतिविष घोड्यांच्या शरीरात विष टोचून, त्यांच्या रक्तापासून मिळवले जाते. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या घरात ही गोष्ट सहज गिळता येणारी नाही, आणि ती झाकूनही ठेवू नये. प्रयोगशाळेत घोड्यावाचून प्रतिविष बनवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. दान देणाऱ्या हातांनी तिकडे अवश्य पाहावे. तोवर शेतात काम करणाऱ्याचा जीव त्याच कुपीवर अवलंबून आहे.

नमुना घेतलेली बांडी जेथे सापडली, त्याच झुडपाशी सोडतात. ती घाईने पळत नाही. अंग हलवत हलवत हळूहळू वाळूत उतरते, आणि थोड्या वेळाने तेथे साप आहे हे ठाऊक असणाऱ्यालाही तो दिसेनासा होतो.