भंडारा रोडला उतरलेला पाहुणा



आमच्याकडे रेल्वेने पहिल्यांदा येणारा पाहुणा हमखास विचारतो, "गाव कुठे आहे?" तिकिटावर भंडारा रोड, उतरायचं वरठीला आणि भंडारा शहर तिथून दहाएक किलोमीटर. आम्हाला यात काही वावगं वाटत नाही. जन्म इथेच गेला ना! पण पिशवी घेऊन बावरून उभ्या असलेल्या पाहुण्याला त्या 'रोड'चा अर्थ कुणी सांगितलेलाच नसतो.

हे आठवलं ते परवाच्या प्रसंगाने. शेजारची मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आमच्याकडे आली. घरातून कॉलेजात जाणारी पहिलीच, आणि अर्जाचा शेवटचा दिवस. संकेतस्थळाचं नाव घेत नाही. उघडल्याबरोबर सत्कारांचे सरकते फोटो, लुकलुकणारी 'नवीन' अक्षरं. अर्ज कुठे आहे, ते सापडेना. 'नोंदणी' आणि 'लॉगिन' शेजारी शेजारी. नवख्याने आधी कशावर जायचं? चौथ्या पानावर एकदम उत्पन्नाचा दाखला मागितला. आई तो धावत घेऊन येईपर्यंत पान बंद पडलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मग 'फाइल मोठी आहे' असा लाल शेरा. किती लहान हवी, ते मात्र लिहिलेलं नाही!

रात्री साडेअकराला अर्ज गेला एकदाचा. तेव्हा तिची आई हळूच म्हणाली, "गुरुजी, पोरीले काही येत नाही वाटते जी."

हे वाक्य मला फार लागलं.

माझा पुतण्या पुण्यात याच क्षेत्रात आहे. त्याला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, "काका, बनवणाऱ्याला सगळं ठाऊक असतं, म्हणूनच त्याला अडचण दिसत नाही." जेकब नील्सन नावाच्या तज्ज्ञाने २००० सालीच लिहून ठेवलंय म्हणे, की पाच वापरणारे बसवा, त्यांना काम द्या आणि गप्प राहून बघा, बहुतेक चुका तेवढ्यात दिसतात. आपल्या केंद्र सरकारनेही संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना २००९ मध्ये काढल्या, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. म्हणजे ज्ञान आहे. शेजारी बसून बघणारा कमी आहे.

मला वाटतं, पहिल्याच पानावर चार गोष्टी असाव्यात: इथे कोणतं काम होतं, कुणासाठी, कोणती कागदपत्रं जवळ ठेवायची आणि सुरुवात कुठून. एवढं केलं तरी निम्मी धावपळ वाचेल.

पण दुसऱ्याला शहाणपण शिकवताना माझंच एक आठवलं. वर्गात अपूर्णांक शिकवताना एखादं पोर अडलं की मी ओरडायचो, "लक्ष कुठे आहे तुझं?" माझं सांगणं अवघड झालं असेल, हे कधी मनातच आलं नाही. ती पोरंही घरी जाऊन म्हणत असतील, मला काही येत नाही म्हणून.

असो. मुलीला दुसऱ्या दिवशी मुद्दाम बोलावून सांगितलं, "बाळ, चूक तुझी नव्हती." चाळीस वर्षं उशिरा का होईना, बोललो तरी!