एक लाथ कमी: घरातला खेळ आणि दुकानातले मशीन

१/
वाचकहो, या मालिकेत आपण ताम्रपट, नाणी, मोडी दप्तरे अशी साधने पाहत आलो. आजचे साधन लाकडी आहे, पुरुषभर उंच आहे आणि गेली अनेक वर्षे मिरजेत माझ्या मामांच्या मागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभे होते. नाणे टाकून खेळायचे व्हिडिओ गेमचे मशीन. त्याला घरातला प्लेस्टेशन जोडण्याचा खटाटोप मी या उन्हाळ्यात केला. तो करताना यंत्राबद्दल, इतिहासाबद्दल आणि थोडेसे माझ्या घराबद्दल जे कळले, ते इथे मांडते.

२/
मामांनी १९९४ साली स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर गेम पार्लर काढले. चार मशीन होती, त्यांतले हे एक. त्यावर चालणाऱ्या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’. कॅपकॉम या जपानी कंपनीने तो १९९३ साली बाजारात आणला. भारतातल्या पोरांनी मात्र त्यातल्या एका पात्राचे नाव उचलून त्याला ‘मुस्तफा’ केले, आणि तेच नाव टिकले. संध्याकाळी शाळा सुटली की मामांच्या दारात सायकलींची रांग लागे, असे घरात अजून सांगतात.

३/
आईचे लग्न १९९७ सालचे. तोवरची तीन वर्षे दुकान बंद झाल्यावर हिशेब तीच करी. मशीनच्या पोटात नाणी मोजणारा सहा अंकी यांत्रिक काउंटर असतो. मागचे दार उघडून आई रोज तो आकडा वहीत उतरवी, त्यातून कालचा आकडा वजा करी आणि पेटीतल्या रुपयांशी ताळा करून पाही. खेळ मात्र ती एकदाही खेळली नाही. पार्लरमध्ये मुली जात नसत. तसा फलक कुणी लावला नव्हता. लावायची गरजही नव्हती. त्यामुळे हे मशीन तिला ठाऊक होते ते मागच्या दाराने.

४/
आतला बोर्ड आता बंद पडला आहे. मामांचे म्हणणे सरळ होते: “आतलं सगळं उपटून टाक, नवीन काहीतरी बसव. त्या तारांची काय पूजा करायचीय?” अनेक जण तसेच करतात, आणि त्यात गैर काही नाही. पण मला हस्तलिखितांच्या जतनाच्या वर्गात शिकलेली एक गोष्ट आठवत होती. फाटलेला कागद गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने सांधतात, कारण ती खळ पुढे पाण्याने सोडवता येते. दुरुस्ती अशी करावी की नंतर येणाऱ्याला ती उलगडून मागे जाता यावे. लाकडी डब्याला हा नियम लावता येईल का, एवढाच माझा प्रश्न होता.

५/
तो लावता येतो, याचे कारण १९८० च्या दशकाच्या मध्यातला एक करार आहे. त्याआधी प्रत्येक कंपनीची तारांची मांडणी निराळी असे. दुकानदाराला खेळ बदलायचा तर आतल्या तारा नव्याने ओवाव्या लागत. मग जपानमधील करमणूक यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने एक सामाईक जोड ठरवला. संघटनेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘जामा’ म्हणतात. बोर्डाच्या कडेला एका बाजूस २८ आणि दुसऱ्या बाजूस २८, असे ५६ संपर्कबिंदू. वीज, चित्र, आवाज, दोन खेळाडूंच्या दांड्या आणि बटणे, नाणे, सारे या एकाच पट्टीतून जाते. जुना बोर्ड ओढून काढावा, नवा खोचावा, की खेळ बदलला.

६/
म्हणजे मला मशीनमधली एकही तार कापायची गरज नव्हती. जुन्या बोर्डासारखीच कड असलेली एक छोटी जोडपट्टी मिळते. ती मशीनच्या जोडात खोचायची आणि तिच्या दुसऱ्या टोकाला घरचा कन्सोल जोडायचा. याच मांडणीला ॲडॅप्टर म्हणायचे. माझ्याकडे थोरल्या भावाचा जुना प्लेस्टेशन २ होता. दोन्ही यंत्रे खेळाचीच. पण एक दिवाणखान्यासाठी घडलेले, दुसरे रस्त्यावरच्या दुकानासाठी. दोघांची भाषा जुळवताना चार ठिकाणी दुभाषा लागला.

७/
पहिले ठिकाण चित्राचे. जुनी टीव्हीची नळी आणि आर्केडची नळी सेकंदाला साधारण १५,७०० ओळी रेखतात, त्यामुळे मुळात नाते जवळचे आहे. पण घरचा कन्सोल रंगांचा संकेत मंद आवाजात देतो, म्हणजे व्होल्टच्या भागात. आर्केडच्या पडद्याला तो मोठ्याने हवा असतो. मध्ये प्रवर्धक घातला नाही, तर चित्र येते पण ग्रहण लागल्यासारखे. शिवाय ओळ कुठे संपली आणि चित्र कुठे संपले हे सांगणारा ‘सिंक’ संकेत आर्केडला वेगळ्या तारेने लागतो. माझ्या केबलमध्ये तो चित्राच्या संकेतात मिसळलेला होता. तो निवडून काढायला एलएम १८८१ नावाची लहानशी चिप वापरतात. सुपातून खडे निवडावेत, तसे तिचे काम.

८/
इथे एक गंभीर सूचना. मामांच्या मशीनमधला पडदा मुळात घरगुती टीव्हीचा होता. अशा जुन्या टीव्हीच्या चासीवर थेट घरातल्या विजेचा दाब असू शकतो, आणि बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये जीवघेणा दाब साठून राहतो. म्हणून मी स्वतः हात घातला नाही. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका काकांना बोलावले. त्यांनी आधी विलग करणारा ट्रान्सफॉर्मर आहे ना, ते पाहिले आणि मगच पुढचे काम होऊ दिले. तुम्हीही हौसेपायी हा टप्पा गाळू नका.

९/
दुसरे ठिकाण आवाजाचे. आर्केडचा आवाज बोर्डावरच मोठा होतो आणि थेट स्पीकरला जातो. कन्सोल फक्त कुजबुजतो, म्हणून मध्ये छोटा ॲम्प्लिफायर हवा. तिसरे ठिकाण हातांचे. मशीनचे बटण म्हणजे साधा स्विच. दाबले की तार जमिनीला टेकते. कन्सोलला मात्र कोणते बटण दाबले ते एकामागून एक येणाऱ्या संकेतांच्या रूपाने कळते. हा दुभाषा कंट्रोलरच्या आतच बसलेला असतो. म्हणून दोन जुने कंट्रोलर उघडून त्यांच्या प्रत्येक बटणाच्या जागी मशीनची तार डाखली. मशीन वाचवायला कंट्रोलरचा बळी दिला. तसले कंट्रोलर आजही मिळतात, मामांचे मशीन एकच आहे.

१०/
चौथे ठिकाण नाण्याचे, आणि इतिहासाच्या दृष्टीने मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. आर्केडचा खेळ नाण्यावर जगतो. नवखा खेळाडू काही मिनिटांत हरावा आणि पुन्हा खिशात हात घालावा, अशीच त्याची रचना असते. घरचा खेळ एकदाच विकत घेतला जातो, म्हणून तो लांब असावा लागतो. घरचा खेळ जसाच्या तसा दुकानात ठेवला, तर एखादा पटाईत मुलगा एका रुपयात दुपार काढेल. हे दोन खेळ नव्हेत, काळाचे दोन हिशेब आहेत.

११/
मोठ्या कंपन्यांनाही हा पेच पडला होता. निन्टेंडोने १९८३ साली जपानमध्ये फॅमिकॉम हा घरगुती कन्सोल आणला. पुढच्याच वर्षी त्याच्या जवळच्या यंत्रणेवर नाण्याने चालणारी ‘व्हीएस. सिस्टम’ आली, टेनिस, बेसबॉल असे खेळ त्यासाठी पुन्हा बेतले गेले. १९८६ च्या ‘प्लेचॉइस-१०’ने दुसरी वाट काढली. तिच्यात दहापर्यंत घरगुती खेळ बसत, आणि नाण्याने खेळाडूला जीव नव्हे, वेळ मिळे. वेळ संपला की खेळ थांबला, मग तुम्ही कितीही निष्णात असा.

१२/
१९९० साली एसएनके कंपनीने ‘निओ जिओ’मधून तोच खेळ दुकानात आणि घरात एकाच वेळी दिला. पण दोन्हींची कार्ट्रिजे मुद्दाम निराळी ठेवली, म्हणजे घरचे दुकानात बसू नये आणि दुकानातले घरात. अमेरिकेत घरच्या संचाची किंमत सुमारे ६५० डॉलर होती. एक छोटे मेमरी कार्ड मात्र दोन्हीकडे चाले. दुकानात अर्धवट राहिलेला खेळ घरी पुढे नेता येई. हौशी लोकांनी याच सीमेवर पुढे दोन्ही दिशांनी पूल बांधले. आर्केडचा बोर्ड घरच्या टीव्हीवर चालवणाऱ्या पेटीला ‘सुपरगन’ म्हणतात. माझा ॲडॅप्टर तिचाच उलटा भाऊ.

१३/
पडद्यावर काय चालवायचे, हे मी विचारपूर्वक ठरवले: ‘टेकन ३’. नाम्को कंपनीने तो १९९७ साली आर्केडमध्ये आणला, आणि ज्या यंत्रणेवर आणला तिची घडण मूळ प्लेस्टेशनच्याच यंत्रणेवरून झाली होती. १९९८ साली तो प्लेस्टेशनवर घरोघरी गेला, आणि त्याची तबकडी प्लेस्टेशन २ वरही चालते. म्हणजे घरच्या यंत्राच्या वंशातून दुकानात गेलेला, दुकानातून घरी आलेला हा खेळ मी पुन्हा दुकानाच्या डब्यात नेत होते.

१४/
आणि इथेच अडले. ‘टेकन’ला चार बटणे लागतात: दोन हातांची दोन, दोन पायांची दोन. जामाच्या मूळ मांडणीत प्रत्येक खेळाडूला तीनच बटणे आहेत. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ला तर सहा लागत, आणि त्यासाठी वेगळ्या जादा तारा द्याव्या लागल्या होत्या. मामांच्या फळीवर तीनच भोके आहेत. मामा ड्रिल घेऊन आलेच. “एक भोक पाडलं की झालं की गं!” मी दोन दिवस विचार केला आणि नाही म्हटले. तार सोडवता येते, भोक बुजवता येत नाही. बोटांनी घासून गुळगुळीत झालेली ती फळी, रंग कुठे उडाला आहे, कोणते बटण अधिक झिजले आहे, हा त्या पोरांनी मागे ठेवलेला एकमेव मजकूर आहे. म्हणून आमच्या मशीनवरच्या प्रत्येक योद्ध्याला उजवी लाथ नाही.

१५/
मे महिन्यातल्या एका संध्याकाळी पडदा उजळला. मामांनी सवयीने रुपया टाकला. नाण्याची तार मी कुठेच जोडली नव्हती; नाणे खणखणत पेटीत पडले आणि काहीच झाले नाही. “फुकट आहे होय!” असे म्हणून ते हसले, पण जरा ओशाळल्यासारखे. आई दारात उभी होती. मी म्हटले, “आई, ये ना.” ती म्हणाली, “मला कुठं येतंय.” मामा बाजूला सरले आणि म्हणाले, “ये गं, उभी राहा इथं.” ती वाक्याची पद्धत मी नीट ऐकली. तीस वर्षांत हे निमंत्रण त्या घरात कुणी दिले नव्हते.

१६/
आई पहिल्या चार लढती हरली. मग तिने एडी गॉर्डो निवडला. हा ब्राझीलचा पात्र असून पायांनीच लढतो. नवशिक्याने कशीही बटणे दाबली तरी तो समोरच्याला हैराण करतो. एक पाय कमी असूनही तिने मामांना हरवले. “दादा, तुम्ही हे दुकान चालवलंत ना?” एवढेच ती म्हणाली. रात्री सगळे आटोपल्यावर ती उठली, मशीनचे मागचे दार उघडले आणि टॉर्च मारून काउंटर पाहिला. तो हलला नव्हता. त्याला पुढे ढकलण्याचा हुकूम जुना बोर्ड देत असे, आणि बोर्ड बंद आहे. “तेवढाच आहे,” ती म्हणाली. कोणत्या आकड्याइतका, हे तिला न विचारताच आठवत होते की नुसती सवय बोलली, हे मी विचारले नाही.

१७/
दुसऱ्या दिवशी मी तिला जुन्या वह्यांबद्दल विचारले. दोन सापडल्या, तिसरी वाळवीने खाल्ली. त्यांत तारीख, आकडा, वजाबाकी आणि रुपये, बस्स. पण गणेशोत्सवात आकडा कसा उसळतो आणि परीक्षांच्या दिवसांत कसा बसतो, हे त्यांतून स्वच्छ दिसते. एका गावातल्या मुलांच्या फावल्या वेळेचा तो हिशेब आहे, आणि तो ठेवणारी व्यक्ती त्या गर्दीत कधीच नव्हती. माझ्या प्रबंधाचा विषय वेगळा आहे. तरी या वह्यांचे छायाचित्रण मी आधी करणार आहे.

१८/
धागा संपवताना एक विनंती. तुमच्या गावात, नातलगांच्या पडवीत, बंद दुकानाच्या मागे असे मशीन असेल, तर भंगारात जाण्यापूर्वी चार गोष्टी करा. बोर्डाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्या. काउंटरचा आकडा तारखेसह लिहून ठेवा. बटणांच्या फळीचे जवळून छायाचित्र घ्या. आणि ज्यांनी ते चालवले त्यांना विचारा: कोण येई, आणि कोण येत नसे. खेळायचे असेल तर जरूर खेळा. ॲडॅप्टर त्यासाठीच आहे. फक्त तार कापू नका. आमचा जुना बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून मशीनच्या तळाशी ठेवला आहे. उद्या कुणी तो दुरुस्त केला, तर जोडपट्टी ओढून काढायची आणि तो पुन्हा खोचायचा. एका मिनिटाचे काम आहे.