पेटतं, विझतं, पेटतं

कोस्टा रिकातल्या सारापिकी नदीकाठचं रान. आंबोलीचा आषाढ बारमाही मुक्कामाला असावा अशी ओल. सदरा पाठीला चिकटलेला, पायाखाली कुजक्या पाचोळ्याचा वास. आणि समोरच्या अंधाऱ्या वाटेवर एकदम निळं काहीतरी पेटतं! विझतं. चार हातांवर पुन्हा पेटतं. वाटाड्या हसून म्हणतो, "मॉर्फो!"

आपलं ब्लू मॉर्मन 2015मध्ये राज्य फुलपाखरू झालं तेव्हा त्याच्या निळाईची केवढी ऐट मारली होती मी. पण त्याच्या काळ्या पंखावर शाई सांडलेली असते. इथे अख्खी दौतच उडत होती. पंख मिटले की मात्र खालची बाजू सुक्या पानासारखी तपकिरी, वर डोळ्यांसारखे ठिपके. म्हणून उडता उडता ते चक्क गायब होतं. पाखरानं झडप घालावी तरी कुठे? तरीही आपल्या वेड्या राघूसारखा दिसणारा लांब चोचीचा जॅकामार त्याला धरतोच, फांदीवर आपटतो आणि पंख झाडून टाकतो.

असाच एक गळलेला पंख वाटेत सापडला. वाटाड्यानं त्यावर स्पिरिटचा थेंब सोडला आणि निळ्याचं हिरवं झालं! मी आ वासून बघतोय तोवर स्पिरिट उडालं, निळाई परत. म्हणजे त्या पंखात निळा रंग असा नाहीच. कौलांसारख्या रचलेल्या खवल्यांवर अतिसूक्ष्म कंगोऱ्यांची उतरंड असते, तिच्यावरून परतणारा उजेड निळा होऊन येतो. फटींत हवेच्या जागी स्पिरिट शिरलं की सगळा हिशेब बदलतो. मोरपिशी पैठणी विणणाऱ्यानंही हात जोडावेत!

बरं, एवढं राजस रूप, आणि जेवण? सडकी फळं. मुक्कामाच्या व्हरांड्यात आंबलेल्या केळ्यांवर सात-आठ जण सोंड लावून बसलेले. वास थेट मे अखेरीच्या फणसाखालचा. सुरवंट लालसर, पाठीवर पोपटी चट्टे. तो खातो खाजकुइलीच्या कुळातल्या वेलीचा पाला. खाजकुइली! शाळेत पोरांच्या कॉलरीत टाकायचो तीच जात. अंड्यापासून सारा जन्म साधारण 115 दिवसांचा, त्यात पंखांचे दिवस जेमतेम दोन-तीन आठवडे.

मी कॅमेरा रोखून तासभर बसलो. एकही पंख उघडेना. शेवटी एक उठलं, डोळ्यांसमोरून निळं-तपकिरी-निळं होत पावसात गेलं. फोटोत सगळी तपकिरीच आली आहेत.