मॉरिशसची दोन कुंपणं

माएबूर गावातून ला शो नदीवरचा कॅव्हेंडिश पूल ओलांडला की व्हिल न्वार लागतं. रो घराण्याचा बिस्किटांचा कारखाना इथे १८७० पासून आहे. बिस्किटं गव्हाची नाहीत, मॅनिऑकची, म्हणजे आपल्या साबुकंदाची. कंद सोलायचे, किसायचे, कीस दाबून पाणी काढायचं, चाळायचं आणि तापलेल्या पत्र्यावर चौकोनी साच्यांत भाजायचं. खाली जाळ उसाच्या पाचटाचा. कंदात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, म्हणून पूर्वापार ही एवढी यातायात. मी चक्रीफुलाचा वास असलेलं बिस्किट घेतलं. कोरडं, खुसखुशीत, चहात बुडवायला उत्तम.

कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. १७३५ मध्ये इथे गव्हर्नर म्हणून आलेल्या ला बूर्दोनेने गुलामांचं पोट भरावं म्हणून त्याची लागवड वाढवली. त्याच कंदाचा साबुदाणा तमिळनाडूत सेलमकडे तयार होतो आणि एकादशीला आपण तो निःशंक मनाने खातो. गुलामांचं अन्न आणि आपलं उपासाचं, दोन्ही एरंडाच्या कुळातलं.

हे कूळ शोधायलाच मी बेटावर आलो होतो. दक्षिणेच्या रस्त्याने पश्चिमेकडे निघालो, तर ते जागोजागी भेटत होतं. पडीक जमिनीत एरंड. फूटपाथच्या भेगांत दुधी नावाचं तण. इथे त्याला ज्याँ रोबेर म्हणतात. जुलै महिना, म्हणजे इथला हिवाळा. रात्री मोठ्या झालेल्या, त्यामुळे आपल्याकडे नाताळात रंगणारा पॉइन्सेटिया इथे आत्ता लालभडक. बागांच्या कडेला क्रोटन, आणि कुठे कुठे मोगली एरंडसुद्धा. दुधी, पॉइन्सेटिया, मोगली एरंड अमेरिकेकडचे, एरंड आफ्रिकेचा. माणसाच्या गलबतांतून सगळे इथे उतरले आणि माणसाच्या वहिवाटेलाच राहिले.

ब्लॅक रिव्हरच्या बाजूला एका मराठी कुटुंबात मुक्काम होता. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर आणले गेले, त्यांत कोकणातली माणसंही होती. घरच्या मावशींनी फाटक उघडता उघडताच बजावलं, "पाय सांभाळा हो, काटे आहेत." फाटकाच्या दोन्ही अंगांना तांबड्या फुलांची काटेरी युफोर्बिया मिली. ही मादागास्करची. शेजारच्या रेयुनियाँ बेटाचा गव्हर्नर मिलियस याने ती १८२१ मध्ये फ्रान्सला नेली, म्हणून हे नाव. मी म्हटलं, आमच्याकडे रत्नागिरीत शेर नाहीतर मोगली एरंड लावतात कुंपणाला. चीक असतो, गुरं तोंड लावत नाहीत. मावशी म्हणाल्या, "मग सारखंच की. ज्याला गुरं खात नाहीत, ते कडेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो. बेटावरचं मूळचं चांगलं रान आता जेमतेम दोन टक्के उरलंय, त्यातलं बरंचसं इथे. वाट सुरू होते ती चिनी पेरूच्या गचपणातून. ब्राझीलकडचं हे झाड. फळं आंबटगोड, लोक आवडीने तोडतात. पण त्याखाली दुसरं रोप उगवेल अशी जागाच राहत नाही.

मग तारेचं कुंपण लागलं. वाटाड्याने फाटक उघडलं, आत शिरून पुन्हा नीट लावून घेतलं. रानडुकरं आणि हरणं बाहेर राहावीत म्हणून ही तार. हरणं जावा बेटावरची, १६३९ मध्ये डचांनी आणलेली. आतला पेरू माणसं हाताने उपटतात, आणि तो परत येतो म्हणून परत उपटतात.

इथे मला हवी होती ती, एरंडाच्या कुळातली मूळची मंडळी भेटली. पहिलं अकॅलिफा इंटिग्रिफोलिया: झुडूप, पानांची पाठ लालसर. मग कॉर्डेमोया, आपल्या शेंदरीचा जवळचा नातलग, फक्त मॉरिशस आणि रेयुनियाँवर सापडणारा. अकॅलिफाचं तुटलेलं पान मी बोटांत चुरडून पाहिलं. चिकाचा थेंब नाही. अंगावर काटाही नाही. एरंडाच्या कुळात जन्मून इतकं निःशस्त्र!

माणूस येण्याआधी या बेटावर खुरांचा एकही प्राणी नव्हता. पाला खाणारी मोठी कासवं होती. ती माणसांनी संपवली. वाटाड्याने गुडघ्याएवढ्या उंचीवर हात धरून दाखवलं, "हरीण एवढ्याखालचं सगळं ओरबाडतं. मोठं झाड जगतं, त्याचं पिल्लू जगत नाही."

बेट ज्वालामुखीतून वर आलं, तेव्हा त्यावर एकही पान नव्हतं. म्हणजे इथलं प्रत्येक झाड, निदान त्याचा पूर्वज, बाहेरूनच आलेला: कुणी पाखरांबरोबर, कुणी लाटांवरून, कुणी जहाजातून. एरंड, दुधी, मॅनिऑक यांना उपरे म्हणून नावं ठेवावीत असं मला वाटत नाही; मी पाहिली ती सगळी रस्त्याच्या, घराच्या आणि ताटाच्या आसपास होती. हिशेब मांडायचाच तर माणसाच्या बाजूने मांडावा लागेल. मावशींच्या फाटकाशी एरंडाचं कूळ माणसाची राखण करतं. वर डोंगरात त्याच कुळाची राखण माणसाला करावी लागते, आणि ते देणं तारेचं कुंपण एकदा घालून फिटणारं नाही. पेरू दरवर्षी उपटावाच लागणार.