पेडण्याचा नाकातला स्वर

बांदा ओलांडून गोव्यात शिरलं की पहिला तालुका लागतो तो पेडण्याचा. पाटीवर देवनागरीत ‘पेडणे’ असतं आणि शेजारच्या रोमन अक्षरांत मात्र दुसऱ्याच गावाचं वाटावं असं नाव. एकेक अक्षर जुळवत वाचलं तर ‘पेरनेम’. पुढे केपे ‘केपेम’ होतं, सांगे ‘सांगेम’ होतं. इंग्रजी वर्तमानपत्रांत ही गावं अशीच छापली जातात आणि बाहेरून आलेला माणूस ती तशीच उच्चारतो, शेवटच्या ‘म’वर ओठ घट्ट मिटून.

खरं तर तो ‘म’ नव्हेच. पोर्तुगीज लेखनात शब्दाच्या शेवटी आलेला एम ओठांसाठी नसतो. आधीचा स्वर नाकातून काढा, एवढंच तो सांगतो. कोकणीत या गावांची नावं अनुस्वारान्त आहेत: पेडणें, केपें, सांगें. कुणा पोर्तुगीज लेखनिकानं तो नाकातला स्वर नीट ऐकला आणि आपल्या लिपीत जसा जमला तसा टिपून ठेवला. ‘ड’ म्हणताना जीभ टाळूला लागून झटकन खाली येते, ते त्याला ‘र’च्या जवळचं वाटलं, म्हणून पेडण्यात ‘र’ आला, मडगावातही आला. मडगावच्या शेवटी तर त्यानं ‘ए’ या अक्षरावर एक नागमोडी रेघ काढली, ‘गांव’मधला गुणगुणता स्वर जपण्यासाठी. इंग्रजीनं शब्द घेतला, रेघ गाळली. मग ‘मारगाओ’ उरलं.

या जुन्या स्पेलिंगांवर माझा जीव आहे. परक्यांची सत्ता होती, त्या सत्तेनं केलेले अन्यायही विसरण्यासारखे नाहीत. पण या अक्षरांमागे एक लक्ष देऊन ऐकणारा कान होता. आपण मराठीत १९६२च्या लेखननियमांनी पुणें आणि ठाणें यांच्या माथ्यावरचे अनुस्वार उतरवले. पेडण्याच्या माथ्यावर होता तसाच अनुस्वार होता तो. आपल्या लिपीतून तो गेला आणि तिकडे एका पाहुण्या लिपीत, एमच्या रूपानं, अजून राहतो आहे.

इंग्रजांनी ऐकलं ते निराळं. त्यांच्या कागदांत पुणे ‘पूना’ झालं. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी सुटली, ती ज्या गावाला पोचली त्याचं नाव तेव्हाच्या इंग्रजी मजकुरात ‘टॅना’ असं वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलेलं सापडतं. ‘ठ’मधला श्वास त्यात नाही, ‘ण’ही नाही. पुढे विल्यम हंटर यांच्या रोमन लिप्यंतराच्या पद्धतीनं देशभरातल्या नावांना शिस्त लागली. कँपबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाण्याचा खंड १८८२चा, नाशिकचा १८८३चा, साताऱ्याचा १८८५चा. या नावांत, शब्दाचा शेवट सोडला तर, जिथे ‘आ’ लांब आहे तिथे अक्षरावर बारीकशी तिरपी रेघ आहे. साताऱ्यावर तशा दोन रेघा. एवढी काळजी! पण त्याच १८८५ सालच्या पुण्याच्या खंडावर मात्र ‘पूना’च राहिलं, कारण रूढ झालेली नावं बदलायची नाहीत असं ठरलं होतं. जे शहर इंग्रजांच्या अधिक वापरात, त्याच्या नावाची दुरुस्ती सर्वांत उशिरा. १९९५ साली मुंबई इंग्रजीतही मुंबई झाली, हे योग्यच झालं. उच्च न्यायालयाच्या नावात आणि विमानाच्या तिकिटावरच्या तीन अक्षरांत जुनं नाव टिकून आहे. त्याचं मला फारसं दुःख नाही.

मला खुपतं ते वेगळंच. पुण्याचं आणि ठाण्याचं आजचं इंग्रजी स्पेलिंग बरोबर आहे, तरी नवखा इंग्रज एकाला ‘प्यून’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘थेन’. त्याला दोष कसा द्यावा? शेवटचा ‘ई’ उच्चारायचा नसतो हे त्याच्या भाषेनं त्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. सरकारी पाटीवरच्या रोमन लिपीत ‘ठ’ आणि ‘थ’ यांना वेगळी अक्षरं नाहीत, ‘ण’ आणि ‘न’ यांना नाहीत, ‘ळ’ आणि ‘ल’ यांनाही नाहीत. जळगावचा ‘ळ’ कोणत्याही राजपत्रातून त्याच्यापर्यंत पोचणार नाही. तो पोचेल तो फक्त कुणाच्या तरी तोंडून. आणि ते तोंड आपलं असायला हवं.

पण आपणच इंग्रजीत शिरलो की गावाचं नाव परक्यासारखं घेतो. घरी ‘ठाण्याला जाऊन येतो’ म्हणणारा माणूस कार्यालयात इंग्रजी वाक्यात ‘थाना’ म्हणतो. वरळीची मुलगी मुलाखतीत ‘वर्ली’ सांगते. मराठी सूत्रसंचालक व्यासपीठावरून जळगावचं ‘जलगाव’ करतात. समोरच्याला सोपं जावं हा त्यामागचा हेतू चांगला असतो, पण समोरच्यानं ते सोपं करून मागितलेलं नसतं. नीट सांगितलं तर माणसं शिकतात. दोनदा चुकतात, तिसऱ्यांदा ‘ण’च्या जवळ येतात. नुसतं जवळ येणंही पुरेसं आहे. गावात उतरून त्यांनी नाव घेतलं की तिथल्या माणसाला ते आपलं म्हणून ओळखू आलं पाहिजे. माझ्या लेखी इंग्रजीत बरोबर नाव म्हणजे तेवढंच.

म्हणून गोव्यातली जुनी स्पेलिंगं बदलण्याची घाई करू नये, असं मला वाटतं. त्यांत ऐकण्याचा इतिहास आहे. ती तशीच लिहावीत आणि मोठ्यानं वाचताना मात्र पेडणे, केपे, सांगे असंच वाचावं. आणि तुम्ही पुढच्या वेळी इंग्रजीतून कुणाला आपलं गाव सांगाल, तेव्हा त्या वाक्याच्या मध्यावर क्षणभर मराठीत या. ‘ठ’ पूर्ण म्हणा, ‘ण’ आणि ‘ळ’ला जीभ मागे वळू द्या, आणि ऐकणाऱ्याला ते नाव पुन्हा म्हणायला सांगा.