बाबांचं भिंग

12 सप्टेंबर 2024, तारापूर
आज गौरी-गणपती बोळवले. आरास उतरवताना आईला सांगून टाकलं, मी ‘जॅम’ या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरतेय. आयआयटीत एमएस्सी, रसायनशास्त्र. आई एवढंच म्हणाली, “मग नोकरी?” बोईसर एमआयडीसीतल्या औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागून मला दीड वर्ष झालं. घरात ठरलेल्या तारखेला येणारा पगार तेवढा एकच. बाबांचं दागिन्यांची डाय, म्हणजे साचे, कोरायचं काम सोन्याच्या भावाबरोबर वरखाली होतं. मला उत्तर देता आलं नाही.

27 सप्टेंबर
रजा टाकून पालघरला गेले. राज्याचा नॉन-क्रीमीलेअर दाखला घरात आहे, पण आयआयटीला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. दाखल्याच्या खिडकीशी पोचल्यावर कळलं, माझ्या आणि बाबांच्या कागदांत त्यांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं आहे. एक ‘ए’ जास्त. आता प्रतिज्ञापत्र, मग पुन्हा रांग. परतताना लोकलमध्ये उमरोळी गेलं तरी डोळे पुसतच होते. तीन वर्षांची बीएस्सी एका अक्षरापाशी अडली होती.

9 ऑक्टोबर
दाखला हातात आला. रात्री अर्ज भरला, पण सबमिट करायला हात धजेना. बाबांनी त्यांचं भिंग पुढे केलं. पोलादी ठोकळ्यावर नक्षी कोरताना चार घाव घातले की ते याच भिंगातून बघतात. डायमधली चूक तिच्यावर ठोकलेल्या प्रत्येक दागिन्यात उमटते. “एकेक अक्षर बघ. घाई करू नको,” म्हणाले. सगळे कागद मांडून बोट ठेवून वाचले. मग एका पेपरची मुलींसाठीची फी, 900 रुपये, भरली.

15 डिसेंबर
सेकंड शिफ्ट करून घरी यायला बारा वाजतात, अभ्यास पहाटे. आज टायट्रेशनला फिकट गुलाबी छटेवर थांबायचं, तर ब्युरेट वाहू दिली. फ्लास्क गडद गुलाबी. नमुना वाया गेला. लॅबच्या मॅडमनी जवळ बसवून विचारलं, तेव्हा अर्जाचं बोलले. नोकरी जाईल म्हणून तीन महिने लपवलं होतं. त्यांनी परीक्षेपर्यंत मला जनरल शिफ्ट दिली.

2 फेब्रुवारी 2025
पहाटेच्या लोकलने बाबांबरोबर मुंबई. तीन तास, 60 प्रश्न, 100 गुण. एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांत चुकीला गुण कापतात म्हणून त्यांतले खात्री नसलेले चार प्रश्न सोडून दिले. बाहेर आले तर बाबा फाटकाशीच उभे होते. पेपर कसा गेला हे त्यांनी विचारलं नाही, डबा उघडला.

निकाल मार्चमध्ये लागणार होता. पुढच्या वर्षी अर्ज भरणाऱ्या मुलामुलींनो, जूनमध्येच दहावीची गुणपत्रिका, आधार आणि दाखले शेजारी शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून बघा. आणि घरी, कामावर आधीच सांगा.